पाण्याकडे तोंड करून

बोडीच्या पाळीवर, म्हणजे गावतळ्याच्या बांधावर, मोहाच्या झाडाखाली रेंजच्या दोन काड्या येतात. गावात एकही नाही.

चामोर्शीतल्या एका दवाखान्याचा कंपाउंडर मंगलीच्या जावयाचा भाऊ आहे.

धानाचा रोवणा दिवसभर कमरेत वाकून करायचा असतो.

मंगली लुगड्याच्या आत जुन्या धोतराची घडी बांधते. बावीस वर्षं झाली.

पुण्याची माणसं चामोर्शीच्या बाजारात येत नाहीत.

हे शेवटचं ध्यानात आलं तेव्हा कुठे मंगली फोनवरच्या डॉक्टरला दाखवायला तयार झाली. गावची आशाताई रंजीता चार महिने तिच्या मागे होती. फुकट आहे, एसटीचे धक्के नाहीत, दिवस मोडत नाही. मंगली ढिम्म. मग एकदा तिनंच विचारलं, "बाई हाये का बुवा?"

"बाई हाये."

"कुठची?"

"पुण्याची."

"मंग लाव."

पाळीवरची एक रीत आहे. कुणी फोनवर बोलायला लागलं की बाकीच्यांनी पाण्याकडे तोंड करायचं. त्या दुपारी तिथे शेजारची बुधरी आणि आणखी दोघी होत्या. तिघी वळल्या. रंजीतानं फोन मंगलीसमोर धरला. पडद्यावर चष्मा लावलेली एक पोरगेली बाई आली.

"काय त्रास होतो, मावशी?"

पुणं किती लांब आहे, हे मंगलीला ठाऊक होतं. एवढ्या लांबच्या माणसाशी बोलायचं, तर पल्याडच्या धानाच्या बांदीतल्या माणसाला हाक मारतात तसंच बोलायला हवं. तिनं छाती भरून घेतली.

"अंग बाहेर येते बाई. धाकटा झाला तवापासून."

समोरच्या काठावरचे बगळे उडाले.

"हळू बोल ना काकी," रंजीता म्हणाली. "तिले ऐकू येते."

"पुण्याले?"

डॉक्टरीणबाई खाली बघून लिहायला लागली.

"यंदा रोवणा कराले जमन का मले?"

"तपासल्याशिवाय नाही सांगता येणार. काहींना आत रिंग बसवून भागतं, काहींना ऑपरेशन लागतं. पण हातानं तपासावं लागेल, मावशी. फोनवर नाही होत. गडचिरोलीला जा, मी चिठ्ठी पाठवते."

ज्या हातापासून मंगली बावीस वर्षं पळाली, तो शेवटी आडवा आलाच. फोन बंद झाल्यावर ती रंजीताला म्हणाली, "मंग हे कायले लावलं? मी नाई जात."

पाण्याकडचं तोंड न वळवता बुधरी बोलली, "आख्ख्या गावाले तर सांगून बसली तू. आता लाजतं कोनाले? गुरुवारी जाऊ. मीबी येतो."

"तुले काऊन?"

"मले काम हाये."

गुरुवारी दोघी सकाळच्या एसटीनं गेल्या. रंजीतानं एकच चिठ्ठी दिली होती.

बुधरीचं अंग अठ्ठावीस वर्षांपासून बाहेर येत होतं.