नाडीचा हात

कॉलेजचे निम्मे वर्ग मोबाइलवर भरायचे, म्हणून नर्सिंग शिकणाऱ्या जेर्लिननं नाडी बघायचा सगळा सराव घरातच, आजोबांच्या मनगटावर केला. थोरांचा पालथा हात हाती आला की आधी कपाळाला लावायचा, ही फिलिपिन्समधल्या इलोइलोतल्या घराघरातली रीत. तेवढं झालं की मग बोटं नाडीवर.

एक दिवस सुबाल्दो मॅडमनी सगळ्यांना कॉलेजात बोलावलं. पलंगावर प्लास्टिकचा रुग्ण झोपवलेला. जेर्लिननं हात धुतले, पुढं झाली, त्याचा हात उचलला आणि भक्तिभावानं कपाळाला टेकवला.

वर्ग खो खो हसत सुटला.

"बाई गं, या बाहुल्याच्या आशीर्वादानं पास होणार आहेस का?" मॅडम कडाडल्या. मग त्यांनाही हसू आवरेना. "खऱ्या माणसाशीही अशीच वाग हो. पण आता परत हात धू. आणि कपाळही!"

संध्याकाळी ती तणतणतच घरी आली. "तुमच्यामुळं चारचौघांत माझी शोभा झाली, आजोबा!"

"माझ्यामुळं? मी काय केलं गं?" म्हणत त्यांनी सवयीनं हात पुढं केला. पण रीतीप्रमाणं पालथा नव्हे. उताणा, मनगट वर करून. सराव काय एकट्या जेर्लिनचाच झाला होता?

तिचा राग कुठच्या कुठं पळाला. तिनं वाकून त्या मनगटावरच कपाळ टेकवलं. आज बोटांची गरजच पडली नाही. नाडी थेट कपाळाला लागली.