सैल तारेवरची सगुणा

मित्रांनो, हसायचं असेल तर आधी हसून घ्या, मग ऐका. मी एक जुनं तुणतुणं आहे. होय, तेच, ज्याच्या नावानं तुमची आई तुम्हाला रागावते, "काय तेच ते तुणतुणं लावलंयस" म्हणून. मला त्याचं वाईट वाटत नाही. मला एकच तार आहे. एका तारेनं तेच ते वाजवायचं नाही तर काय करायचं?

मिरजेत एका वाद्यांच्या कारखान्यात माझा जन्म झाला. आजूबाजूला मोठ्या घरचे तंबोरे आणि सतारी. त्यांच्या अंगावर वेलबुट्टी, पोटाला भलेमोठे भोपळे. मी म्हणजे मापट्याएवढं पोकळ लाकूड, बुडाला कातडं, बाजूला एक काठी आणि काठीच्या टोकाला खुंटी. कातड्यापासून खुंटीपर्यंत ताणलेली तार. झालं, संपलं माझं वर्णन! एक तंबोरा मला म्हणालाही होता, "तू वाद्य आहेस की भांडं?" त्या आठवड्यात पाटणकडचा नाथाजी आला आणि मला काखोटीला मारून घेऊन गेला. तंबोरा मात्र पुढं दोन वर्षं तिथंच होता म्हणे.

नाथाजी आकाराम शाहिरांच्या फडात झीलकरी होता. झीलकरी म्हणजे शाहिराच्या मागं उभा राहून 'जी रं जी जी' ओढणारा. लोक शाहिराकडं बघतात, झीलकऱ्याकडं कोणी बघत नाही. पण शाहीर सूर घेतो तो माझ्यावरून. आकाराम शाहीर डोळे मिटून मान थोडी मागं करायचे, नाथाजी मला त्यांच्या कानाशी धरून छेडायचा, आणि शाहीर उचलायचे. सत्तावीस वर्षं हे असंच चाललं.

आता एक गुपित सांगते. नाथाजीचा हात पक्का होता, पण कान कच्चा. फडात कोणालाच हे ठाऊक नव्हतं. कार्यक्रमाला निघायच्या आधी तो घराच्या सोप्यात बसून माझी खुंटी पिळायचा. आत चुलीपुढं त्याची बायको मनुबाई भाकरी थापत असायची. ती मागं वळूनसुद्धा बघायची नाही. नुसती म्हणायची, "आवं, आजून. आजून जरा. हां, बसला." मग नाथाजी मला खांद्याला लावून निघायचा. आम्हा सगळ्यांचा सूर त्या चुलीपुढून यायचा, आणि वाहवा मात्र शाहिरांना मिळायची.

आमच्या फडाचं सगळ्यात गाजलेलं गाणं म्हणजे 'सगुणा'. कृष्णेच्या उतारावर एक शिलेदार सगुणाचा निरोप घेतो, पाणी ओसरलं की येतो म्हणतो, आणि येत नाही. एवढीच गोष्ट. पण ती दोन जिल्ह्यांत सगळ्या फडांत गायली जायची, आणि कोणाची सगुणा खरी यावर पारावर भांडणं व्हायची. फलटणच्या लीलाबाईंची सगुणा नटून वाट बघायची. 'पाणी उतरलं, वाट दिसली, तू का रं दिसंना' ही ओळ त्या अशी लाडात वळवायच्या की शिलेदार जवळच कुठंतरी उसात लपून ऐकतोय असं वाटावं. आकाराम शाहिरांची सगुणा भांडायची. त्याच ओळीवर शाहीर हात उगारून नदीलाच जाब विचारायचे. माझी तार तेव्हा पेटीच्या काळी चारवर, म्हणजे चांगल्या उंच पट्टीत, ताणलेली असायची आणि माझं कातडं थरथरायचं.

त्र्याहत्तर साली मनुबाई तापानं गेली. चार दिवसांत गेली.

तेराव्यानंतर फडाची गाडी आली. नाथाजीनं मला भिंतीवरून काढलं आणि गाडीत जाऊन बसला. तो रडला नव्हता. भाकरी पुढ्यात आली की खायचा, उठ म्हटलं की उठायचा. माझ्या खुंटीला त्यानं हात लावला नाही. त्या दिवशी नाही आणि त्यानंतरही नाही.

तार न पिळता ठेवली की सैल होत जाते, मित्रांनो. एका दिवसात नाही होत, केसाकेसानं होते. ओल्या हवेत कातडंही ढिलं पडतं. माझा सूर उतरू लागला. मला ते कळत होतं, पण सैल तारेला कशाचं फार काही वाटत नाही. पूर्वी माझ्या अंगातून झिणझिण्या जायच्या. आता नाथाजी छेडायचा, मी वाजायचे, पुन्हा छेडायचा, पुन्हा वाजायचे. तो कुठं बघायचा कोण जाणे. आम्ही दोघं लाकडाचे होतो.

आणि आता गंमत ऐका. शाहीर सवयीनं डोळे मिटून माझ्यावरून सूर घेत राहिले. सूर खाली गेला तसं गाणंही खाली गेलं. वरच्या ताना तिथं शोभेनात म्हणून शाहिरांनी त्या सोडल्या. चाल संथ झाली. वयामुळं त्यांनाही ते बरं वाटत असावं. त्यांची सगुणा भांडायची थांबली. ती नुसती पाण्याकडं बघत ती ओळ म्हणायची, जणू तिला कळलंय की आता कोणी यायचं नाही. लोक गप्प होऊन ऐकायचे. "शाहीर, काय चाल बांधली हो नवी," म्हणायचे. शाहीर मिशीवरून हात फिरवून म्हणायचे, "सुचली कवातरी."

फक्त शाहिरांचा पुतण्या लालासाहेब खूश नव्हता. तो डफ वाजवायचा. "काका, नाथाजीतात्या मागं मढ्यागत उभा असतोय," तो म्हणाला. "लोक हसत्यात. ही जत्रा झाली की त्यास्नी घरी बसवा."

"जत्रा हूंदे. मग बघू," शाहीर म्हणाले.

नाथाजी शेजारीच होता. त्यानं ऐकलं असेल, पण चेहऱ्यावर काही उमटलं नाही. त्याच्याकडं त्या उभं राहण्याशिवाय दुसरं काहीच उरलं नव्हतं, हे मला माहीत होतं. मी काय करणार? मला एकच सूर, तोही उतरलेला.

पंचाहत्तरच्या चैत्रात सांगलीजवळच्या एका गावात जत्रा होती. दुपारी, देवळापुढच्या चिंचेखाली सवाल लागला, लीलाबाई विरुद्ध आकाराम शाहीर. दोघांनी 'सगुणा' गायची, जिंकेल त्याला मानाचा फेटा. निवाड्याला सांगलीचे बाळगोंडा शेठ बसले होते. हळदीचे व्यापारी, पण पेटी अशी वाजवायचे की आडत दुकानात गिऱ्हाईक ताटकळायचं. पेटी समोरच ठेवलेली.

लीलाबाई गायल्या. शिट्ट्या पडल्या, टोप्या उडाल्या. मग आमची सगुणा झाली. शेवटची ओळ संपली तेव्हा चिंचेवरचे कावळेच तेवढे बोलत होते. लालासाहेब कानात पुटपुटला, "काका, फेटा आपलाच."

बाळगोंडा शेठ मात्र कपाळाला आठ्या घालून बसले होते. "शाहीर, एक इचारू का? तुमी पयल्यापास्नं काळी चारला गाताय. आज एवढं खाली, पांढरी चारला का गायला?"

"काय तरीच. ज्या सुरात गातोय त्याच सुरात गायलो," शाहीर म्हणाले.

शेठनी पेटीची काळी चार दाबून धरली. शाहिरांनी नाथाजीला खूण केली, नाथाजीनं मला छेडलं. मी कुठं आणि पेटी कुठं! आडात पडलेल्या घागरीसारखं वाजले मी. लोकांत खसखस पिकली.

"बघा काका," लालासाहेब म्हणाला. "म्हातारा बहिरा झालाय, आणि तुमाला घेऊन बुडतोय."

 शाहिरांनी मला नाथाजीच्या हातातून घेतलं आणि खुंटी पिळली. दोन वर्षांनी माझ्या तारेला ताण बसला. मित्रांनो, दुखलं, खरंच दुखलं. पेटीशी सूर मिळाल्यावर शाहिरांनी मला नाथाजीच्या कानाशी धरलं आणि छेडलं.

नाथाजीची मान हलली. "ह्यो सूर," तो म्हणाला, "लय दिसांनी ऐकला." मग खुंटीकडं बघत, "शाहीर, कवापास्नं उतरलाय?"

 शाहीर कसं सांगणार, ते तर वाहवा घेण्यात गुंतले होते.

"मनू गेली तवापास्नं," नाथाजीनंच उत्तर दिलं. "तीच सांगायची मला. मला कुठं कळतंय त्यातलं." आणि तो भर बैठकीत खाली बसला, पटक्याचं टोक तोंडात कोंबलं, आणि दोन वर्षांचं सगळं एकदम बाहेर आलं. लालासाहेब आधी इकडंतिकडं बघत राहिला, मग तांब्या घेऊन धावला.

शाहिरांनी शेठना हात जोडले. "फेटा बाईंना द्या. माझी नवी चाल माझी न्हवंच. दोन वरसं ह्याच्या दुक्कावर मी वाहवा खाल्ली." मग पुतण्याकडं वळले. "आणि ह्याला घरी बसवायचं तर आधी मला बसव."

फेटा बांधून घेतल्यावर लीलाबाई आमच्याकडं आल्या. नाथाजीपुढं उकिडव्या बसल्या. "बाबा, मी तीस गावांत ही सगुणा गायली. पन खरी सगुणा आज ऐकली. चुकून का हुईना, खरी तीच. माझ्या मागं उभं राहून एकदा तो उतरलेला सूर द्याल का?"

नाथाजीनं तोंड पुसलं. मला मांडीवर घेतलं आणि खुंटीवर अंगठा ठेवला, सैल करायला नाही, धरून ठेवायला.

"न्हाई बाई," तो म्हणाला. "आता कुठं वर आलोय. त्या सुरात परत उतरायचं न्हाई मला."

लीलाबाईंनी मान डोलावली आणि पुन्हा विचारलं नाही. ती सगुणा त्यानंतर कोणीच गायली नाही. आमचे शाहीर पुन्हा काळी चारला भांडू लागले. तिसऱ्या कडव्यात आवाज फाटायचा, लोक हसायचे, तेही हसायचे. आता त्यांनी गाणं थांबवलंय. मी नाथाजीच्या सोप्यात टांगलेली असते, कातडं एका बाजूनं उंदरांनी कुरतडलंय, पण खुंटी नाथाजी रोज फिरवतो.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. माझ्यावरची धूळ झटकलीत तर आनंदच आहे. पण तुमच्या घरात, तुमच्या मागं उभं राहणारं कोणी अचानक शांत झालं, कशालाच नाही म्हणेनासं झालं, तर "किती शहाणं झालं" असं म्हणू नका. दोन वर्षं हजारो माणसांनी मला कान देऊन ऐकलं, आणि त्यातल्या एकानंच विचारलं की हा सूर असा का. तुम्ही तो एक व्हा.