खालचा यजमान

ऑफिसात तिला सगळे भिंगताई म्हणत. दुसऱ्यांनी लिहिलेला कोड वाचून चुका शोधायच्या, हेच तिचं काम. ऑफिस दवाखान्यांतल्या सलाईनच्या पंपांसाठी ऑपरेटिंग सिस्टिम बनवायचं आणि तिचा गाभा, म्हणजे कर्नल, भिंगताईच्या डोळ्यांखालून गेल्याशिवाय बाहेर पडत नसे.

त्या सोमवारी तिच्यापुढे मास्तरांच्या चाळीस ओळी आल्या. मास्तर म्हणजे कॉलेजातून निवृत्त झालेले, घरी बसून कोड लिहिणारे म्हातारे गृहस्थ. आजकाल एकाच यंत्राच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या, पोटात दहा खोटी यंत्रं चालवता येतात. खोट्या यंत्राला म्हणायचं पाहुणा आणि खालून त्यांना खेळवणाऱ्या प्रोग्रॅमला यजमान. कर्नल जागा झाला की आधी विचारतो, ‘मी पाहुणा आहे का?’ पण उत्तर देणार यजमानच! त्यानं धडधडीत ‘नाही’ म्हटलं तर कर्नल बापडा विश्वास ठेवतो. मास्तरांचा कोड विचारत नव्हता, मोजत होता. प्रोसेसरची एक सूचना अशी आहे, की यजमान असला तर त्याला मध्ये पडावंच लागतं आणि तेवढा वेळ जास्त जातो. खऱ्या यंत्रावर प्रोसेसरच्या घड्याळाचे शंभर-दोनशे ठोके, पाहुण्यावर हजाराच्या वर.

तपासायला एक खरं यंत्र हवं होतं. ऑफिसात बाकी सगळी पाहुणीच; खरं असं एकच उरलेलं, कुलूपबंद खोलीतलं मोहोरेचं यंत्र. तयार कर्नलवर ते डिजिटल मोहोर उठवी आणि ती मोहोर पाहूनच दवाखान्यातले पंप नवा कर्नल आत घेत. दुपारी दोनला ते बंद करून पुन्हा चालू करायचंच होतं, म्हणून भिंगताईनं साहेबांची परवानगी काढली आणि पेन ड्राइव्हवरून मास्तरांचा कर्नल त्यावर चालवला.

जुन्या कोडनं सांगितलं, पाहुणा नाही.

मास्तरांच्या कोडनं आकडा दाखवला, एक हजार नऊशे बारा.

‘मास्तरांचं गणित चुकलं,’ असं पुटपुटत तिनं पुन्हा चालवून पाहिलं. एक हजार आठशे सत्याण्णव. मग तिनं ओळ न् ओळ वाचली, चूक सापडावी म्हणून जवळजवळ देव पाण्यात घालून. चूक नव्हती. तिनं मास्तरांना फोन लावला.

“आकडा किती म्हणालीस?” मास्तरांनी विचारलं. तिनं सांगताच ते म्हणाले, “पोरी, कीबोर्डवरचा हात काढ. त्या यंत्राखाली कुणीतरी बसलंय.”

तिनं चटका बसावा तसा हात मागे घेतला. या खोलीत टाइप केलेलं प्रत्येक अक्षर, मोहोरेचा पासवर्डसुद्धा, खालचा तो कुणीतरी वाचत होता. कधीपासून? पंख्यांची घरघर रोजचीच, पण आता तिला त्याच आवाजाची भीती वाटायला लागली. तिनं वाकून आधी नेटवर्कची वायर उपटली.

आणि मग तिला दुसरी, त्याहून वाईट गोष्ट आठवली. या खोलीची किल्ली आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचं रजिस्टर तिच्या धाकट्या दिराकडे असे. त्याला इथे तिनंच शब्द टाकून चिकटवलं होतं.

तो बाहेर टेबलापाशी रजिस्टरात काहीतरी लिहीत होता. तिला पाहून उठला. “वहिनी, तोंड असं का पांढरं पडलंय?”

“भाऊजी, या खोलीत कोण आलं होतं? खरं सांगा.”

“कुणी नाही... म्हणजे, तीन आठवड्यांपूर्वी तो दुरुस्तीवाला. डिस्क बदलायला.”

“नोंद कुठंय?”

दिरानं रजिस्टर मिटलं. “मुलगी तापानं फणफणली होती. शाळेतून फोन आला. वीस मिनिटांत येतो म्हणून त्याला एकट्याला सोडून गेलो. परत आलो तर तो गेलेला. नोंद केली असती तर नोकरी गेली असती, वहिनी.” मग त्यानं हळूच विचारलं, “तुम्ही सांगणार?”

साहेबांच्या केबिनपर्यंत वीस पावलं. सांगितलं नाही तर कुठल्या तरी दवाखान्यात कुठला तरी पंप... तिला वाक्य मनातही पुरं करवेना. तिनं दार ढकललं. साहेबांना सांगायला तोंड उघडलं, तोच मागून दिराचा आवाज आला, “साहेब, आधी माझं ऐका.”

पुढचे चार दिवस सगळे पंप जुन्या कर्नलवर परत नेण्यात गेले. तीन आठवड्यांत मोहोर उठून पंपांत गेलेले दोन कर्नल कोऱ्या यंत्रावर नव्यानं बनवून ताडून पाहिले. अक्षरही बदललेलं नव्हतं. तिसऱ्यावरही मोहोर उठली होती आणि तो बुधवारी जाणार होता. त्यात कुणीही न लिहिलेला एक तुकडा निघाला, औषधाचा वेग बाहेरून बदलू देणारा. दुरुस्तीवाल्यानं दिलेला नंबर बंद होता. तो माणूस कोण, हे शेवटपर्यंत कळलं नाही.

दिराची नोकरी गेली. सासूबाई आठवडाभर तिच्याशी जेवढ्यास तेवढं बोलत होत्या आणि नवरा मधल्यामध्ये गप्प. एके सकाळी दिराचा फोन आला. गोदामात काम मिळालंय म्हणाला. मग घुटमळत विचारलं, “वहिनी, कुणाला काही झालं नाही ना?”

“नाही, भाऊजी. कुणालाच नाही.”

त्यानं फोन ठेवला नाही. तिनंही फोन ठेवला नाही.