कानबाई डोक्यावर

भागाबाईला एका जागी बसवत नाही, हे शनवारा मोहल्ल्यातल्या साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. चहा ती उभ्याने पिई, मालिका दारातून ये-जा करत ऐके, आणि फोनवर बोलायला लागली की अंगणापासून जिन्यापर्यंत अशा खेपा घाली की पलीकडच्याला वाटावं, बाई बोलता बोलता चालत आपल्याकडेच निघाली.

पण त्या उन्हाळ्यातली तिची येरझार निराळी होती. कपाट उघडायचं, आत काहीच न बघता बंद करायचं. ओट्यावर पुसलेलं पुन्हा पुसायचं. कारण श्रीकांत, तिचा मुलगा, आत्याशी फोनवर बोलताना तिने ऐकलं होतं.

"यंदा कानबाई मोनाली घेईल. आईचं नको आता. मागच्या वर्षी पाहिलं ना आपण."

मोनाली म्हणजे श्रीकांतची बायको, आणि कानबाई म्हणजे घरची देवी; श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी ती त्यांच्या घरी बसायची. नारळाला डोळे, नथ, गळ्यात पोत, आणि सोमवारी सकाळी पाटासकट डोक्यावर घेऊन घरातल्या बाईने तिला तापीवर न्यायचं. गावी, तुकईथडला होते तेव्हापासून, आणि केळीचं वावर बटाईने देऊन शहरात राहायला आले तेव्हाही, बत्तीस वर्षं ती बाई भागाबाईच होती. मागच्या वर्षी भररस्त्यात तिचा उजवा गुडघा गेला. पाट कलंडला. शेजारणीने हात लावला म्हणून नारळ खाली आला नाही. त्यावर घरात कुणी चकार शब्द काढला नाही, आणि तेच तिला जास्त लागलं.

"मी ऐकलं," ती नवऱ्याला म्हणाली.

सुपडूभाऊंनी पेपर खाली घेतला. "काय ऐकलं?"

"श्रीकांत बोलला ते."

"मंग बरोबरच बोलला. सहासष्टची झाली तू. आराम कर."

"आराम तुम्ही करू राहिले ना. एका घरात एक पुरे."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ती मैदानावर हजर. तिथे देवराम मास्तर म्हाताऱ्यांकडून व्यायाम करून घेत. शाळेत पीटी शिकवून रिटायर झालेला बहात्तर वर्षांचा माणूस, पण पाठ अशी की पाठीमागून पोरगा वाटे. बायका तिथे यायच्या, पण बाकावर बसून टाळ्या वाजवण्यापुरत्या. भागाबाई थेट पुढे जाऊन उभी राहिली.

"मास्तर, मला पाट उचलायचा आहे."

"आधी स्वतःला उचला, वहिनी." त्यांनी प्लास्टिकची खुर्ची पुढे सरकवली. "बसा, आणि हात न टेकता उठा. दहा वेळा."

ती चार वेळा उठली. पाचव्यांदा खुर्ची सोडेना. बाकावरच्या बायका हसल्या, तशी ती त्यांना म्हणाली, "टाळ्या वाजवा ना, थांबल्या काबरं?"

पंधरा दिवसांनी दहा झाल्या. मग मास्तरांनी सांगितलं, रोज थोडा वेळ एका पायावर उभं राहायचं, जवळ धरायला काहीतरी ठेवायचं. तिने ओटा धरला आणि दुधाची वेळ साधली. दूध वर येईपर्यंत एका पायावर. दुसरा पाय खाली टेकवून गॅसपर्यंत हात न्यायला जो काय उशीर होई, तेवढ्यात दूध ओट्यावर. महिनाभर मोनालीला कळेना की आपल्याच घरचं दूध रोज उतू का जातं. तिने दूधवाला बदलून पाहिला.

आषाढ लागेपर्यंत भागाबाई पाटावर पाच किलो पिठाची पिशवी ठेवून गच्चीचा जिना चढू-उतरू लागली. एकोणीस पायऱ्या, दिवसातून दोनदा, सगळे आपापल्या कामाला गेले की. खाली बघायचं नाही, पायानेच पायरी ओळखायची. दम लागेना तशी तिने मास्तरांना मोठ्या तोऱ्यात सांगितलं.

मास्तरांनी विचारलं, "मागच्या वर्षी गुडघा गेला कुठे? घाटाच्या पायऱ्यांवर?"

भागाबाई बोलायला गेली आणि थांबली. पायऱ्यांवर नव्हे. घाट तर अजून लांब होता. वाटेतल्या एका टेलरच्या दारात.

"चालताना गेला?"

"नाही. उभी होते."

तिला सगळं आठवलं. घर ते राजघाट रस्ता अर्ध्या तासाचा, पण कानबाईला दोन तास लागतात. दारोदारी बाया पाय धुतात, कुंकू लावतात, ओवाळतात, कुणाची काडीच पेटत नाही, कुणाला आतून सासूला बोलवायचं असतं. आणि तोवर डोक्यावर पाट घेऊन जिला उभं राहायचं, ती उभी. दोन महिने तिने चालायचं, चढायचं, उठायचं सारं केलं होतं. एवढं एकच केलं नव्हतं, आणि नेमकं तेच तिला जन्मात जमलेलं नव्हतं.

"गुडघे ताठ आवळायचे नाहीत," मास्तर म्हणाले. "पाय थोडे फाकवून. भार कधी या टाचेवर, कधी त्या. हळू. घाई करू नका, वहिनी."

घाई करू नका, हे सांगायला त्यांच्या बापाचं काय जात होतं. अठरा दिवस उरले होते.

गच्चीवर पाट घेऊन उभी राहिली की पहिल्याच मिनिटात नाकाचा शेंडा खाजे. दुसऱ्यात आठवे की डाळ भिजत घालायची राहिली. तिसऱ्यात पाय आपणहून जिन्याकडे निघत. असंच एका रविवारी सगळे झोपले असं समजून ती उभी होती, आणि मोनाली वाळलेले कपडे काढायला वर आली.

"आई, काय करू राहिल्या?"

"उभी आहे."

"ते दिसू राहिलं. डोक्यावर आटा कशाला?"

"कानबाई तुले द्यायचं ठरलं म्हणे घरात."

मोनालीने कपडे कठड्यावर टाकले. "मला कुणी विचारलंच नाही. दिवसभर ऑफिसात खुर्चीवर असते मी. मला तर आत्तापासून भीती वाटते, सच्ची." मग ती जरा जवळ आली. "किती वेळ झाला उभं राहून?"

"माहीत नाही. फार झाला."

मोनालीने फोनमध्ये पाहिलं. "मी आल्यापासून दोन मिनिटं. अजून तीन थांबा, मी इथेच आहे."

कानबाई तापीवर न्यायच्या सोमवारी सकाळी श्रीकांत पाट उचलून बायकोकडे वळला. भागाबाई मध्ये येऊन उभी.

"आई, रिस्क नको."

"आधी आई घेतील," मोनाली म्हणाली, आणि सासूचा पदर डोक्यावर नीट केला. श्रीकांतने दोघींकडे पाहिलं आणि पाट आईच्या डोक्यावर ठेवला.

पहिलं दार, दुसरं दार. डफ वाजत होता, बाया गात होत्या. ही टाच, ती टाच. टेलरचं दार मागे पडलं तेव्हा भागाबाईला वाटलं, जिंकले. आठव्या दारात एक नवी नवरी ओवाळायला आली. वारा सुटलेला, निरांजन विझे, ती पेटवी, पुन्हा विझे. पोरगी रडकुंडीला आली. भागाबाईने भार बदलला, पुन्हा बदलला. उजवा पाय थरथरू लागला आणि ते थरथरणं मांडीपर्यंत चढलं. समोर श्रीकांत तिच्या गुडघ्याकडेच बघत होता.

थांबलं तर पाट पडेल. सोडला तर यापुढे तो आपला नाही.

तिने दोन श्वास घेतले. "मोनाली, ये. डोकं पुढे कर."

पाट एका डोक्यावरून दुसऱ्या डोक्यावर गेला. भागाबाईला मोकळ्या हातांचं काय करावं कळेना. ती मिरवणुकीच्या पुढे जाई, मागे येई, आणि प्रत्येक दारात सुनेच्या कानाशी लागे, "पाय फाकव. गुडघे सैल सोड. तोंडाने श्वास नको." डफवाला म्हणाला, "मावशी, तुम्ही तर माझ्यापेक्षा जास्ती चालल्या आज."

राजघाटावर तापी गढूळ, भरलेली, खालच्या पायऱ्या पाण्यात. मोनाली पहिल्या पायरीशीच थबकली.

"आई, खाली दिसत नाही."

"दे, मी घेतो," श्रीकांत म्हणाला.

"सरक तू," भागाबाई म्हणाली.

तिने पाट घेतला आणि पाऊल टाकलं. पायरी झिजलेली, घरच्या जिन्यापेक्षा खोल. पायाने ती चाचपली, ओळखली, मग दुसरी. मोनाली शेजारून उतरत होती, एक हात सासूच्या कमरेला. गुडघा कुरकुरला, पण हटला नाही. शेवटच्या दोन पायऱ्या पाण्यात होत्या. तिथे आरती होईस्तोवर ती पुन्हा उभी राहिली, पाण्याच्या रेट्यात, ही टाच, ती टाच, आणि मग कानबाई तिच्याच हाताने तापीत न्हाली.

वर बाया लाह्या-फुटाणे वाटून घेत पायऱ्यांवर टेकल्या. श्रीकांत आईला वर घ्यायला हात पुढे करून म्हणाला, "आई, पुढच्या साली..."

"पुढच्या साली दोघी," भागाबाई म्हणाली. "आठव्या दारापर्यंत मी, घाट माझा, मधलं तिचं. हिला उद्यापासून मैदानावर पाठव."

"आई, मला ऑफिस आहे," मोनाली म्हणाली.

"सकाळी सहाला कोणतं ऑफिस उघडतं?"

मोनालीने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने नदीकडे पाहिलं. तोवर भागाबाई ओल्या लुगड्याने चार पायऱ्या चढून गेली होती. पाचवीवर ती थांबली, मांडीवर हात ठेवून दम घेतला, आणि मागे न बघता निघाली.