फादर लिबेरातोंच्या फ्रीजमधला रुकोला

सेले नदीकाठच्या एका पॉलीहाऊसमध्ये रुकोला, म्हणजे सॅलडचा तिखटसर पाला, पहाटेच कापायचा, कारण साबातोचा बाप पहाटे कापायचा. बापाचा माल त्याच सकाळी एबोलीच्या बाजारात संपायचा. आता कोवळी पानं पिशवीत बंद होऊन जर्मनीला निघतात आणि वाटेतच काळी पडतात, हे हट्टी म्हाताऱ्या साबातोला सांगणार कोण? सून एर्मेलिंदानं सांगितलं.

"बाबा, संध्याकाळी कापू या. दिवसभर ऊन खाऊन पानात साखर साठते. तीच त्यांची प्रवासाची शिदोरी. जास्त टिकतात."

"पानाला शिदोरी? मग थोडं मोझरेलाही बांधून दे की, सूनबाई!"

शेवटी पैज लागली. एक पिशवी पहाटेची, एक संध्याकाळची. एर्मेलिंदाची टिकली, तर कापणीच्या मशीनची किल्ली तिच्याकडे. नाही टिकली, तर तिनं परत पॅकिंगला उभं राहायचं आणि शेतीबद्दल चकार शब्द काढायचा नाही. त्या पॅकिंगच्या गारठ्यात तिनं तरुणपणाची बोटं गोठवली होती.

घरच्या फ्रीजवर दोघांचाही भरवसा नव्हता. म्हणून पिशव्या गेल्या चर्चमध्ये, फादर लिबेरातोंच्या फ्रीजमध्ये, मिस्सेच्या प्रार्थनेतल्या वाइनशेजारी. पहाटेच्या पिशवीला पांढरी फीत, संध्याकाळच्या पिशवीला लाल.

ठरलेल्या रविवारी मिस्सा संपल्यावर फ्रीज उघडला. आत एकच पिशवी होती, पांढऱ्या फितीची. तिच्यात काळा चिखल झाला होता आणि वास तर विचारूच नका.

"हिची कुठाय?" साबातो ओरडला. "लाजेनं फेकून दिली असणार! पिशवी नाही, तर पैज नाही!"

एर्मेलिंदाला रडूच फुटायला आलं. तेवढ्यात फादर खाकरले.

"ती... मी खाल्ली. परवा शुक्रवार होता ना, उपासाचा. मांस वर्ज्य, म्हणून मासा होता, सोबत काहीतरी हिरवं हवं होतं."

कुंपणानंच शेत खाल्लं होतं. साबातोनं आ वासला.

"दोन होत्या ना? मग माझी का नाही खाल्लीत?"

"साबातो," फादर म्हणाले, "मी उपास धरला होता, जीव द्यायचा नव्हता."

म्हाताऱ्यानं क्रूसाकडे रागानं बघितलं. तिकडूनही काही मदत येईना. मग त्यानं खिशातून किल्ली काढली आणि सुनेच्या हातात आपटली.