कुंदाचा उपास

डोळ्यात कुसळ गेलं तर पदराच्या टोकानं काढता येतं, हे झुंबरबाईला ठाऊक होतं. पण कुंदाच्या डोळ्यात गेली होती पऱ्हाटीची काडी. कापूस वेचताना पोर खाली वाकली आणि काडीचं टोक बुबुळात मोडून राहिलं. चार दिवसांत डोळा लालबुंद झाला. मग झुंबरबाई आणि तिचे सासरे जीवराम आबा सहा वर्षांच्या कुंदाला घेऊन एस.टी.नं अमळनेरकडच्या खेड्यातून धुळ्याला आले.

डॉक्टरांनी थेंब घालून डोळा बधिर केला आणि चिमटा पुढे आणला. त्याबरोबर कुंदानं असा आकांत मांडला, की तीन पुरुषांना तिचं डोकं आवरेना.

"हिला भूल देऊनच काढावं लागेल," डॉक्टर म्हणाले. "उद्या सकाळी आणा, संध्याकाळच्या गाडीनं घरी जाल. पण उद्याच. पू धरायला लागलाय, जास्त थांबलो तर डोळा जाईल."

बाहेर कंपाउंडर सुकदेवनं बजावलं, "उद्या पोरीला उपास. विसरायचं नाही."

आता खानदेशातल्या बाईला उपास शिकवणारा हा कोण टिकोजीराव! झुंबरबाईनं उपास कडक पाळला. अन्नाचा कण नाही, साधं मीठ नाही. सकाळी एस.टी.त पोर भुकेनं रडायला लागली, तेव्हा यावलच्या नणंदेनं पाठवलेली दोन केळी आणि मूठभर भाजलेले शेंगदाणे तिनं भरवले. 'एकादशी, दुप्पट खाशी' म्हणून लोक हसोत बापडे. एवढ्याशा जिवाला तेवढंही नको का?

"पोटात काही नाही ना?" दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं.

"नही साहेब, कडक उपास शे," आबा अभिमानानं म्हणाले.

कुंदाला मांडीवर घेऊन झुंबरबाई पडद्याबाहेरच्या बाकावर बसली. आतून दोन आवाज येत होते. एक डॉक्टरांचा, दुसरा भूल द्यायला आलेल्या म्हाताऱ्या डॉक्टरांचा.

"क्लोरोफॉर्म देतो. चटकन झोपेल."

"नको. लहान पोरांचं काळीज त्यात कधी थांबेल, नेम नाही."

"मग ईथर. वेळ लागेल, आणि ईथर ओतायची माझी जाळी तिच्या तोंडावर राहून तुमच्या हाताच्या आड येईल."

"येऊ द्या. पोट रिकामं आहे तेवढं बरं. नाहीतर ईथरनं उलटी व्हायची, झोपेत ती श्वासनळीत जायची. डोळा वाचायचा आणि पोर जायची."

झुंबरबाईला सकाळची केळी आठवली. केळ्यानं उपास मोडत नाही, देवाला ते चालतं. पण इथं प्रश्न देवाचा नव्हता, पोटाचा होता. सांगावं, तर आजचं काम राहणार. आबांनी रात्रीच सुनावलं होतं, "उद्या व्हयनं नही, त मी पोरले भगतकडे लई जासू." म्हणजे डोळा गेलाच. न सांगावं, तर? दोन तास झाले होते. जिरलं असेल एव्हाना. आणि नसेल जिरलं तर?

सुकदेव आला आणि त्यानं कुंदाला उचलायला हात पुढे केले. झुंबरबाईनं पोर छातीशी आवळली.

"डाक्टरसाहेब!" ती ओरडलीच. "पोरनी केळं खायेल शेतस!"

पडदा सरकला. आबा ताडकन उठले. "काय करी बठनी व तू!"

"मी उपाशी आणा म्हटलं होतं," सुकदेव पुटपुटला.

"नही भाऊ, तुमी उपास म्हनेल व्हतं."

भूलवाल्या डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. दुपारच्या गाडीनं त्यांना परत जायचं होतं, आणि तोवर पोट रिकामं होणार नव्हतं. झुंबरबाई कुंदाच्या तोंडाकडे बघत राहिली. कपाळावर हिरवं गोंदण होतं, गेल्या जत्रेतलं. तेव्हा सुया टोचत होत्या, पण आईच्या मांडीवर बसलेली ही पोर जागची हलली नव्हती. काल तिला तीन परक्या पुरुषांनी दाबून धरलं होतं.

"साहेब," ती चाचरत म्हणाली, "कालना थेंब टाका. मी तिले मांडीवर लेस. गोंदतांना ती हालनी नव्हती."

डॉक्टरांनी थेंबांची बाटली उचलली. मग म्हाताऱ्या डॉक्टरांनी ईथरच्या बाटलीला पुन्हा बूच लावलं.

थेंब पडले. "कुंदे, गोंदणवालीजवळ बठनी व्हती ना, तशीच ऱ्हाय. वर पाहाय." पोरीनं आईचा पदर मुठीत धरला आणि वर पाहिलं. चिमटा जवळ आला. कुंदा हलत नव्हती. थरथरत होती ती झुंबरबाईची मांडी. त्या थरथरीनंच पोरीचं डोकं हलेल, या धास्तीनं तिनं टाचा फरशीत रोवल्या, श्वास कोंडून धरला आणि डोळे मिटले.

"निघालं," डॉक्टर म्हणाले. कापसावर तिळाएवढं काळं टोक होतं. "नजर राहील हिची."

आबांनी भिंतीकडे तोंड फिरवून उपरण्यानं डोळे पुसले. झुंबरबाईला इतका वेळ न आलेलं रडू आता आवरेना. डोळ्याला पट्टी बांधून झाल्यावर कुंदानं तिचा पदर ओढला.

"माय, आते सुटना का मना उपास?"