बॅटरीवाल्यांची विजेरी

मित्रांनो, मी एक जुनी विजेरी आहे. कारखान्यातून निघाले तेव्हा माझं पितळी अंग लखलखत होतं. पुढचं सगळं आयुष्य एका चित्रपटगृहात गेलं. उशिरा येणाऱ्यांना खुर्ची दाखवणं हे आमचं काम. आमचं म्हणजे माझं आणि बाबांचं. लोक त्यांना 'बॅटरीवाले' म्हणत. उजेड पायांवर पाडायचा, तोंडावर कधीच नाही, हा त्यांचा नियम. त्यामुळे मी माणसांपेक्षा चपलाच जास्त पाहिल्या.

निवृत्त झाल्यावर बाबांनी ठरवलं, नॉर्वेला जायचं. तिथे वर उत्तरेला सूर्य मावळतच नाही, हे त्यांनी एका माहितीपटात, चित्रपटगृहाच्या दाराला पाठ टेकून पाहिलं होतं. गर्दी नको म्हणून त्यांनी डिसेंबर धरला. लेकीने कपाळाला हात लावला.

"बाबा, डिसेंबरात तिथे सूर्य उगवतच नाही!"

"म्हणजे जन्म अंधारात काढून पुन्हा अंधारच बघायला जाऊ?"

"बॅटरी न्या की सोबत," आई आतून म्हणाली. तिघंही पोट धरून हसली. बेत जूनवर गेला.

जून यायच्या आधीच बाबा गेले. मला सेलसकट कपाटात ठेवलं गेलं. घरात कुणाला माझी आठवण राहिली नाही, आणि त्याचा मला राग नाही. पण पडून पडून सेल पाझरू लागले. माझी स्प्रिंग हिरवी पडली.

"रद्द कर सगळं," आई म्हणाली. "हे नाहीत, आता मी तिथे जाऊन काय दिवे लावू?"

"दिवे लावायचे नाहीतच तिथे. मी रद्द करणार नाही. तू नाही आलीस तर एकटी जाईन."

"जा. आल्यावर सांग मला कसं होतं ते."

"नाही सांगणार."

लेक हट्टाला पेटली होती. रोज जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरायची आणि मोठ्याने बोलायची: इथवर विमान, मग किनाऱ्याने उत्तरेकडे बोट, बोटीत एक खोली. आई भांडी आवरत राहायची. एका संध्याकाळी मात्र ती हात पुसत टेबलापाशी आली.

"खोली डावीकडची घे. उजवीकडे डोंगर आडवे येतील."

"तुला गं काय माहीत?"

"खुर्च्या दाखवणाऱ्याबरोबर संसार केलाय मी. चांगली जागा कुठली ते कळतं मला." मग हळूच म्हणाली, "आणि दोन पलंगांची घे."

निघायच्या दिवशी आईने मला कपाटातून काढलं. बॅगेत टाकेल असं वाटलं. पण तिने माझं झाकण फिरवलं, पाझरलेले सेल काढून टाकले, कापसाने स्प्रिंग घासून पुसली आणि मला परत ठेवून दिलं.

मित्रांनो, एवढं लक्षात ठेवा. विजेरी बाजूला ठेवताना आतले सेल काढून घ्या. विसरलात, तर एकदा उघडून बघा. बहुतेक वेळा उशीर झालेला नसतो. त्या दोघी निघाल्या आहेत तिथे माझा काडीचा उपयोग नाही. निकामी असण्याचा इतका आनंद मला कधीच झाला नव्हता.